तालुक्याच्या फुटबॉलला प्रेक्षक कसे मिळतील

आमच्या तालुक्याच्या गावी फुटबॉलचा क्लब आहे. मुले पावसाळ्यातला चिखल आणि उन्हाळ्यातली धूळ अंगावर घेऊन वर्षभर सराव करतात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या स्पर्धांत जाऊन बक्षिसेही आणतात. आणि तरीही आमच्याच मैदानावर सामना असला की कडेला उभे राहणाऱ्यांत खेळाडूंचे मित्र, काही माजी खेळाडू आणि शाळा सुटल्यावर सायकल टेकवून थांबलेली मुले यांच्यापलीकडे फारसे कोणी दिसत नाही. क्लबच्या बैठकीत हा विषय निघाला की ‘आपल्याकडे क्रिकेटशिवाय लोक काही पाहत नाहीत’ हे वाक्य हमखास येते. मला ते मुळीच पटत नाही, आणि का पटत नाही हे एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

हा झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्याचा मुलूख आहे. दिवाळी सरली आणि धानाची कापणी आटोपत आली की गावोगाव मंडई म्हणजे गावजत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती होतात आणि रात्री नाटक लागते. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्या थेट होळीच्या आसपासपर्यंत या पट्ट्यात फिरत असतात, आणि कडाक्याच्या थंडीत पांघरूण घेऊन पहाटेपर्यंत बसणारा प्रेक्षक त्यांना मिळतो, तोही तिकीट काढून. शंकरपटावर मध्ये कित्येक वर्षे बंदी होती. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, २०२३ च्या मे महिन्यात राज्याचा कायदा वैध ठरवला, आणि पट पुन्हा भरू लागले तेव्हा माणसे पूर्वीसारखीच लोटली. एवढा खंड पडूनही ज्यांची हौस टिकून राहिली, त्यांना खेळ पाहण्याची आवडच नाही असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. आवड जागच्या जागी आहे; आमचा क्लब तिच्यापर्यंत पोहोचलेला नाही.

म्हणून प्रसिद्धी कशी करावी हे शिकण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही, वडशापर्यंत गेले तरी पुरे. नाटकाची तारीख गावातील मंडळ कंपनीकडे आधीच नक्की करून येते. मग जे पोस्टर निघते त्यावर नटांची छायाचित्रे आणि नावे ठळक असतात, कारण लोक नाटकाइतकेच नटांना पाहायला येतात. आठवड्याच्या बाजाराला पत्रके वाटली जातात, ऑटोला भोंगा बांधून आजूबाजूच्या गावांतून फेरी काढली जाते, आणि याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे गावातले प्रत्येक घर स्वतः प्रसिद्धीला लागते. मंडईच्या दिवशी लेकी माहेरी येतात, सोयरे-धायरे मुक्कामाला येतात, आणि ‘आमच्या गावचे नाटक आहे, या’ हे आमंत्रण मंडळाने दिलेले नसते, ते त्या घराने दिलेले असते. फुटबॉलच्या सामन्याला कोणी आपल्या पाहुण्याला बोलावल्याचे मी अजून ऐकलेले नाही. हे का घडत नाही, याचा विचार क्लबने मनापासून केला पाहिजे.

आमच्या स्पर्धांचे फ्लेक्स पाहिले की उत्तराचा काही भाग तिथेच सापडतो. वर नेत्यांची छायाचित्रे, त्याखाली दोन्ही बाजूंना शुभेच्छुकांच्या रांगा, मध्ये बक्षिसाच्या रकमेचा मोठा आकडा, कोपऱ्यात इंटरनेटवरून घेतलेले कुठल्यातरी परदेशी खेळाडूचे चित्र, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत मैदानाचे नाव. ज्या मुलांनी खेळायचे आहे त्यांपैकी एकाचाही चेहरा त्यावर नसतो. देणगीदारांचा मान राखला पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. त्यांच्याशिवाय स्पर्धा उभी राहत नाही. परंतु देणगीदारांसाठी एक स्वतंत्र फलक मैदानावर लावता येतो, आणि गावातल्या चौकातला फ्लेक्स खेळाडूंना देता येतो. अकरा मुलांचे चेहरे, नाव, घरचे गाव, तो कोणत्या जागी खेळतो आणि दिवसा काय करतो, एवढे छापले तरी त्या फ्लेक्ससमोर माणसे थांबतील, कारण त्यातला प्रत्येक चेहरा कोणाचा तरी भाचा, कोणाचा तरी विद्यार्थी, कोणाच्या तरी शेजारचा असतो.

याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. आमचा गोलरक्षक दिवसा राईस मिलमध्ये हमाली करतो. मिलमधले सगळे त्याला ओळखतात, त्याच्या पाठीवर किती पोती मावतात हेही त्यांना माहीत आहे. पण तो पेनल्टी अडवतो ही गोष्ट त्यांच्या कानावर कधी गेलीच नव्हती. एका सामन्यात त्याने दोन पेनल्टी अडवल्या आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी मोबाइलवर घेतलेला तो तुकडा मिलमध्ये पोहोचला. पुढच्या सामन्याला मिलमधली मंडळी पाळी बदलून घेऊन आली, गोलपोस्टच्या मागेच उभी राहिली आणि चेंडू त्याच्या हातात गेला की ‘धर जी भाऊ, पोता समजून धर’ असे ओरडत राहिली. त्यांच्यातल्या बहुतेकांना ऑफसाइड म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. त्याची गरजही पडली नाही. आपला माणूस कोण आहे हे एकदा कळले की खेळाचे नियम मैदानाच्या कडेला उभे राहून आपोआप समजत जातात; नियम समजावून प्रेक्षक तयार करण्याचा उलटा मार्ग मात्र फार लांबचा आहे.

नागपूरला विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी जे काम सुरू केले आणि जे पुढे ‘स्लम सॉकर’ या नावाने देशभर गेले, त्याची गोष्ट आज विदर्भात शाळकरी मुलालाही सांगता येते. पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी मुले सरांना दिसली, एवढ्यावरून ती सुरू होते. लोकांच्या लक्षात ती मुले राहिली. त्यांनी किती स्पर्धा जिंकल्या हे फार थोड्यांना सांगता येईल.

आता वेळेविषयी, कारण माझ्या मते आमच्या क्लबचे सर्वांत मोठे नुकसान वेळेने केले आहे. पत्रिकेवर ‘दुपारी ३ वाजता’ असे छापायचे, पाहुण्यांच्या गाडीची वाट पाहत साडेचार करायचे, मग सत्कार, मग भाषणे, आणि सामना सुरू होईपर्यंत ऊन उतरलेले असते. डिसेंबरात आमच्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दोन डाव पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे आणि मधली विश्रांती, असा हिशेब मांडला तर चारच्या पुढे शिट्टी वाजलेला प्रत्येक सामना अंधारात संपणार हे ठरलेलेच असते. अंधार ही आमच्याकडे साधी अडचण नाही. ब्रह्मपुरीच्या या पट्ट्यात वाघाची भीती खरी आहे, जंगलातून जाणाऱ्या रस्त्याने सायकलवरून परतणाऱ्या माणसाच्या घरचे लोक दिवेलागणीनंतर दारात उभे असतात, आणि एकदा उशीर झाला की तो माणूस पुढच्या वेळी येत नाही. बाहेरगावचा प्रेक्षक आम्ही अशा रीतीने स्वतःच्या हाताने घालवला आहे. उन्हाळी स्पर्धा प्रकाशझोतात रात्री उशिरापर्यंत चालवण्याची कल्पना शहरात चांगली असेल, परंतु तेंदूपत्ता तोडणीच्या दिवसांत माणसे पहाटेच जंगलात निघतात, त्यांना मध्यरात्रीचा अंतिम सामना काय कामाचा?

वास्तविक फुटबॉलची सर्वांत मोठी सोय हीच आहे की तो लवकर संपतो. क्रिकेटच्या सामन्यात अख्खा दिवस जातो, नाटकात अख्खी रात्र जाते, आणि फुटबॉलमध्ये पावणेदोन तासांत माणूस मोकळा होतो, घरी जाऊन गाईचे दूध काढू शकतो. ही गोष्ट क्लबने छातीठोकपणे सांगितली पाहिजे: साडेतीनला शिट्टी, सव्वापाचला मैदान रिकामे. आणि सांगितल्यावर ती पाळली पाहिजे, मग पाहुणे आलेले असोत वा नसोत. ते आले की मध्यंतरात खेळाडूंशी त्यांची ओळख करून देता येते. एक अख्खा हंगाम क्लबने ही वेळ पाळून दाखवली, तर लाखाच्या जाहिरातीने जे होणार नाही ते होईल.

तारखांचेही तसेच आहे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत सामना ठेवला तर बाया आणि गडी दोघेही बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असतात. कापणी आणि चुरण्याच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत कास्तकाराला मान वर करायला फुरसत नसते. मंडईच्या दिवशी मात्र गावात पाहुणे असतात, दुपार रिकामी असते आणि नाटक रात्री असते. त्या दुपारी साडेतीनला सामना ठेवला तर प्रेक्षक आयता गावात आलेला असतो. माझी तर अशी सूचना आहे की आजूबाजूच्या गावांच्या मंडईच्या तारखा ठरल्या की क्लबने त्या मंडळांशी बोलून आपला संघ तिथे न्यावा आणि गावच्या आखरावर, म्हणजे गुरे जमतात त्या मोकळ्या जागेवर, सात-सात जणांचा का होईना, एक सामना खेळून दाखवावा. केरळात मलप्पुरमच्या बाजूला सात जणांच्या फुटबॉलची जी मोठी परंपरा आहे, ती अशाच मोकळ्या जागांवर आणि पीक निघालेल्या शेतांवर वाढली. तात्पुरत्या गॅलऱ्या बांधून, तिकीट लावून तिथे सामने होतात आणि माणसे गर्दी करतात. अशा गॅलऱ्यांना लागणाऱ्या बांबूची आपल्याकडे काही वानवा नाही.

कोल्हापूरचे नाव या चर्चेत नेहमी निघते आणि ते निघायलाच हवे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा तिथे असतात, कारण संघ ही पेठेची अब्रू असते. पण ते जसेच्या तसे इथे आणता येणार नाही. तिथे प्रतिस्पर्धी दोन गल्ल्या पलीकडे राहतो, आपल्याकडे तो पंधरा-वीस किलोमीटरवर राहतो. तिथे तालमींना पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास आहे, इथे क्लबचा जुना फोटो शोधायचा तर कोणाच्या पेटीत सापडेल हेही सांगता येत नाही. आपल्याला घेता येण्यासारखी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे संघ कोणाचा आहे हे स्पष्ट असणे. इथे मला एक अवघड गोष्ट लिहावी लागते. आपल्या गावांत वस्त्या आणि टोल्या वेगळ्या आहेत, आणि क्लब अमुक एका टोलीचा आहे असा समज एकदा पसरला की दुसऱ्या टोलीतली माणसे मैदानाकडे फिरकत नाहीत, मग कितीही भोंगे फिरवा. कार्यकारिणीत कोण आहे, सरावाला कोणाची मुले येतात, बैठक कोणाच्या ओसरीवर होते, याकडे लोकांचे बारीक लक्ष असते. प्रत्येक टोलीतली निदान दोन-तीन मुले सरावात असणे आणि बैठक शाळेत किंवा ग्रामपंचायतीत, सर्वांना येता येईल अशा जागी होणे, हे प्रसिद्धीच्या आधीचे काम आहे. ते झाले नाही तर प्रसिद्धीचा पैसा वाया जाईल, असे मी स्पष्टपणे सांगतो.

मोबाइलविषयी क्लबमधल्या तरुणांना फार उत्साह आहे आणि त्याचा उपयोग करून घेतला पाहिजे, परंतु त्यातल्या काही साध्या गोष्टी समजून घेऊन. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच घेता येतात आणि ज्यांनी क्लबचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये साठवला आहे त्यांनाच तो संदेश मिळतो. म्हणजे ‘पाठवला होता’ असे म्हणणाऱ्याचा संदेश अनेकांना पोहोचलेलाच नसतो. ग्रुपमध्ये १०२४ पर्यंत माणसे येतात, पण शुभ सकाळ आणि वाढदिवसाच्या गर्दीत सामन्याची तारीख वाहून जाते, म्हणून ज्या ग्रुपवर फक्त व्यवस्थापकालाच लिहिता येते असा एक ग्रुप हवा. त्यावर ठरलेल्या वारी एकच संदेश यावा: पुढचा सामना कोणाशी, कुठे, किती वाजता. सामन्याच्या दिवशी मध्यंतराचा आणि शेवटचा गोलफलक यावा, आणि तो हरलो तरी यावा. आमच्या क्लबची समाजमाध्यमांवरची पाने जिंकल्यावर गुलालाने भरून जातात आणि हरल्यावर महिना-महिना मुकी राहतात, हे मला फार खटकते. जो माणूस हरलेल्या दिवशीही मैदानावर आला होता, त्याला त्या दिवसाबद्दल दोन शब्द वाचायचे असतात. तोच खरा समर्थक आहे.

सामन्याचे थेट प्रक्षेपण करायचे असेल तर कॅमेऱ्यापेक्षा आधी बोलणारा माणूस शोधावा. शंकरपटात माइकवर जोड्यांची नावे, मालकाचे गाव आणि घड्याळातली वेळ घोळवून सांगणारे लोक आमच्याकडे प्रत्येक गावात आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला फुटबॉलच्या मैदानावर आणून बसवले, मुलांची नावे आणि गावे त्याच्या हातात दिली, तर पुण्यात किंवा नागपुरात कामाला गेलेला गावचा मुलगा खोलीवर बसून तो सामना शेवटपर्यंत पाहील. ते समालोचन आपल्या झाडीबोलीतच व्हावे.

आणि तरीही, मोबाइलइतकेच बळ एका काळ्या फळीत आहे, हे मी बस स्टँडजवळच्या पानठेल्यावर पाहिले. ठेलेवाल्या काकांचा मुलगा आमच्याकडे खेळतो. त्यांनी स्वतःहून एक फळी काळी रंगवून ठेल्याच्या खांबाला टांगली आणि तिच्यावर खडूने पुढचा सामना आणि मागच्या सामन्याचा निकाल लिहायला सुरुवात केली. गोल कोणी केला त्याचे नाव ते खाली जरा मोठ्या अक्षरात लिहितात आणि पावसाने पुसले गेले की पुन्हा लिहितात. एसटीची वाट पाहणारा प्रत्येक माणूस ती फळी वाचतो, कारण तिथे वाचायला दुसरे काही नाही. ‘कोन जितला जी?’ असे विचारणारे म्हातारे आता ‘यंदा तो बारका पोट्टा काहून नाही खेळला?’ असे विचारू लागले आहेत. तालुक्यातल्या प्रत्येक मोठ्या गावच्या स्टँडवर अशी एक फळी लावायला क्लबला किती खर्च येईल? माझ्या अंदाजाने एका फ्लेक्सच्या पैशात सगळ्या फळ्या होतील.

स्त्रियांचा विचार आमच्या एकाही पत्रिकेत दिसत नाही. त्यांनी यावे असे वाटत असेल तर बसायला सावलीतली वेगळी सतरंजी, मैदानाजवळच्या शाळेचे स्वच्छतागृह सामन्याच्या दिवशी उघडे, आणि मैदानावर शिवीगाळ व दारू यांना सक्त बंदी, एवढ्या गोष्टी आधी व्हाव्या लागतील. पुरुषांच्या सामन्याआधी मुलींचा सामना ठेवला तर त्यांच्या आया, मावश्या आणि आज्या येतीलच. २०२३ च्या मार्चपासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. बाहेरगावच्या सामन्याला जाताना क्लबने जीपऐवजी एसटीची वेळ पाहून बेत आखला, तर ज्या बायांनी कधी तालुक्याबाहेर खेळ पाहिला नाही त्याही बरोबर येऊ शकतात.

पैशाची बाजू शेवटी मांडतो. स्पेनमध्ये एइबार नावाचे डोंगरातले एक छोटे औद्योगिक गाव आहे, लोकसंख्या सुमारे २७ हजार, म्हणजे आमच्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. २०१४ मध्ये तिथला क्लब देशाच्या सर्वोच्च लीगसाठी पात्र ठरला, पण नियमाप्रमाणे भांडवल वाढवणे भाग होते आणि सुमारे १७ लाख युरो उभे करायचे होते. त्यांनी एका मोठ्या धनिकाला शोधण्याऐवजी ५० युरोपासून पुढे छोटे छोटे हिस्से विकायला काढले, आणि गावातल्या लोकांबरोबर अनेक देशांतल्या सामान्य फुटबॉलप्रेमींनी ते घेतले. आमच्याकडे वर्गणीची सवय आधीपासूनच आहे. गणपतीला, देवीला, नाटकाला आपण पावती फाडतोच. क्लबनेही वर्षाला शंभर रुपयांचे सभासदत्व काढावे, धान विकून हातात पैसा आल्यावर ते मागावे, आणि सभासदाला छापील ओळखपत्र द्यावे, ज्यावर हंगामाच्या तारखा असतील. देणगी देणारा माणूस बक्षीस समारंभाला येतो. शंभर रुपये भरलेला सभासद सराव चालू आहे की नाही हे पाहायला अधूनमधून मैदानावर येतो, आणि आपल्याला तो दुसरा माणूस हवा आहे.

मात्र त्याच्या पैशाचा हिशेब त्याला दिसला पाहिजे. जर्सीला किती गेले, चेंडूंना किती, पंचांच्या मानधनाला किती, मैदानाच्या फक्कीला किती, हे वर्षातून एकदा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे आणि सभासदांच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावे. असा हिशेब आमच्या क्लबने आजवर दिलेला नाही. पोळ्यानंतरच्या बैठकीत मी हा विषय लेखी मांडणार आहे, आणि त्याच अर्जात मंडईच्या तारखा, साडेतीनची शिट्टी व मुलींचा सामना या तीन गोष्टीही घातल्या आहेत. ज्यांना या क्लबबद्दल आस्था आहे त्यांनी बैठकीला यावे, आणि येताना आपल्या टोलीतल्या एखाद्या अशा माणसाला घेऊन यावे, जो आजवर मैदानावर आलेला नाही.